खिडकी उघडू का?

बाबा गेल्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली. आली म्हणजे आम्ही तिला आणलं. तिने 'येते' असं कधी म्हटलंच नव्हतं, 'बघू' म्हटलं होतं. तिच्यासाठी एक खोली रिकामी केली. तिचा पलंग, तिचं कपाट, तिची चपटी झालेली उशी, सगळं तिकडून आणलं. कपाटाच्या दाराची बिजागरी प्रवासात निखळली होती, ती बसवून घेतली. करण्यासारखं सगळं आपण केलं, या समाधानात मी होते. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जरा खिडकी उघडू का गं?"

तिच्याच खोलीतली खिडकी.

"उघड की, विचारतेस काय!" मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, हा टॉवेल कुठे वाळत घालू. मग पंखा कमी करू का. मग ही पिशवी इथे कोपऱ्यात ठेवली तर चालेल ना. दर वेळी मी म्हणायचे, "अगं, तुझंच घर आहे." दर वेळी ती "हो, हो" म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की 'तुझंच घर आहे' हे वाक्य आपण फक्त पाहुण्याला म्हणतो. जो खरोखर आपल्या घरात राहतो, त्याला ते कुणी सांगायला जात नाही.

एखादी जागा घरासारखी का वाटते, या प्रश्नाला दोन-तीन ठरलेली उत्तरं आहेत. माणसं असली की घर. आठवणी असल्या की घर. कागदावर नाव असलं की घर. तिन्ही उत्तरं खोटी नाहीत, पण आईच्या त्या प्रश्नापुढे तिन्ही लंगडी पडतात. माणसं होती की. मी होते, तिची नातवंडं होती. आठवणींनी भरलेलं तिचं सामान होतं. आणि मालकीचं म्हणाल तर जुन्या घराच्या कागदावर तिचं नाव कधीच नव्हतं, बाबांचं होतं. तरी त्या घरात चाळीस वर्षांत खिडकी उघडण्यासाठी तिने कुणाची परवानगी मागितली नाही. म्हणून माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते एवढंच आहे: जिथे विचारावं लागत नाही, ते घर. हे उत्तर घरगुती वाटलं तरी त्याचा शेवट घरात होत नाही. घरं बांधणारी सरकारं, घरं पाडणाऱ्या यंत्रणा, भाड्याचे कायदे आणि वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्था यांच्यापर्यंत ते जाऊन भिडतं, आणि तिथे त्याची फारशी कुणी दखल घेत नाही अशी माझी तक्रार आहे.

सवयीचं उत्तर आधी बाजूला करते, कारण ते फार मोहात पाडणारं आहे. अंधारात उठून पाणी प्यायला जाताना हात आपोआप दिव्याच्या बटणावर पडतो. जागा बदलली की तोच हात काही आठवडे कोऱ्या भिंतीवर आपटत राहतो. मेंदूत जागेचा नकाशा खरोखरच असतो. जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या मेंदूत विशिष्ट ठिकाणी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या, 2005 मध्ये मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी त्या नकाशाला जणू चौकटी आखून देणाऱ्या पेशी शोधल्या, आणि तिघांना मिळून 2014 चं नोबेल मिळालं. तेव्हा जागा अंगवळणी पडते, हा शब्दप्रयोग अगदी शब्दशः खरा आहे. पण अंगवळणी तर तुरुंगातली कोठडीही पडते. दहा वर्षं आत काढलेल्या माणसाला तिथला प्रत्येक कोपरा डोळे मिटून सापडत असेल. त्याला कुणी घर म्हणणार नाही. कोठडीत सगळं ओळखीचं असतं, फक्त दाराची कडी त्याच्या हातात नसते.

आठवणींचंही तसंच. 1688 मध्ये बाझलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने परदेशी गेलेल्या स्विस माणसांच्या एका दुखण्यावर प्रबंध लिहिला. झोप उडणं, अन्नावरची वासना जाणं, सतत घराचाच ध्यास. या दुखण्याला नाव देण्यासाठी त्याने परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडले आणि 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द तयार झाला. आज आपण तो गोड हुरहुरीसाठी वापरतो. तेव्हा तो आजार होता आणि रोग्याला घरी पाठवणं हा त्यावरचा उपाय होता. शंभरेक वर्षांनी, 1798 मध्ये, कांट या तत्त्वज्ञाने त्या उपायावर बोट ठेवलं. घरी परतलेल्या माणसांचा भ्रमनिरास होतो आणि ते बरे होतात, असं त्याचं म्हणणं. त्यांना वाटतं की गाव बदललं, पण त्यांना हवी असते ती गेलेली तरुणाई, आणि ती काही तिथे ठेवलेली नसते. हे थोडं निष्ठुर आहे, पण खरं आहे. आईला मी एकदा जुन्या घरी नेलं होतं, विकण्याआधी. ती दहा मिनिटं या खोलीतून त्या खोलीत फिरली आणि म्हणाली, "चल, निघू या." गाडीत बसल्यावर तेवढंच म्हणाली, की भिंती फार मोठ्या दिसत होत्या.

मग 'न विचारणं' म्हणजे नेमकं काय? हट्ट नव्हे, मनमानी नव्हे. ज्या लहानसहान गोष्टींचा परिणाम आपल्याच अंगावर होतो, त्या गोष्टी ठरवण्याची मुभा. खुर्ची कुठे, दिवा कधी मालवायचा, दार लोटायचं की उघडं ठेवायचं.

1976 मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्ध-शुश्रूषागृहात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना व्यवस्थापकाने सांगितलं की खोली कशी मांडायची, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवायचं आहे. आणि प्रत्येकाला एक रोप दिलं, सांभाळायला. दुसऱ्या मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं की तुम्ही सुखात राहावं ही आमची जबाबदारी आहे. आणि त्यांनाही एकेक रोप दिलं, पण त्याला पाणी परिचारिका घालणार होत्या. दोन्ही मजल्यांवर सोयी त्याच, प्रेमाने बोलणं तेच, रोपही तसंच. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त बोलती आणि जास्त आनंदी आढळली. (या प्रयोगाच्या पुढच्या टप्प्यातले मृत्यूचे आकडे फार ऐटीत सांगितले जातात. प्रयोग लहान होता आणि त्या आकडेमोडीत नंतर दुरुस्ती छापावी लागली होती, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही.) मला त्यातली दुसऱ्या मजल्यावरची रोपं विसरता येत नाहीत. रोप तुमचं, पाणी आम्ही घालू. माझ्या घरात आईचं नेमकं हेच झालं होतं. तिला काही करावं लागू नये म्हणून मी इतकी धडपडत होते, की तिला काही ठरवताच येत नव्हतं.

आणि मग खुर्ची. आठेक महिन्यांनी एका संध्याकाळी मी घरी आले तर बैठकीतली वेताची खुर्ची जागेवर नव्हती. माझी ती बसायची खुर्ची; टीव्हीसमोर असायची. ती आता खिडकीपाशी होती, रस्त्याकडे तोंड करून, आणि शेजारी एक स्टूल. मी दमलेली होते आणि चढ्या आवाजात विचारलं, "ही खुर्ची कुणी हलवली?" आई आतून आली, काही न बोलता खुर्ची उचलून जागेवर ठेवायला लागली. खुर्ची ओढताना पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला आणि तेवढ्यात मला कळलं की मी काय केलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने मला न विचारता काहीतरी केलं होतं आणि मी हिशेब मागत होते. ती खुर्ची मी पुन्हा खिडकीपाशी ठेवली. पण असली दुरुस्ती लगेच लागू पडत नाही. पुढचे दोन महिने ती त्या खुर्चीत बसली नाही.

इथपर्यंत हा आई आणि लेकीमधला मामला होता. तो सार्वजनिक झाला तो एका फ्रेमवरून. तरुणपणी आईने भरतकाम केलेला एक तुकडा बाबांनी काचेत बसवून घेतला होता, हातभर लांबीचा. तो तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावायचा, असं तिचं होतं. मी करार काढून वाचला. आम्ही राहतो ते घर भाड्याचं आहे आणि करारात एक कलम होतं: भिंतीला खिळा ठोकायचा नाही, छिद्र पाडायचं नाही. घरमालकाला फोन केला. माणूस वाईट नाही. "एकाला हो म्हटलं की सगळेच मागतात," तो म्हणाला, "आणि करार संपताना मला भिंती जशाच्या तशा हव्यात." मला एकदम ऐकू आलं की माझा आवाज आईसारखा झाला आहे. जरा खिळा ठोकू का? ती मला विचारत होती, मी त्याला विचारत होते.

आयुष्य बदलतं तसं माणसाचं घरही बदलत जातं. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, लग्नामुळे, लग्न मोडल्यामुळे, कुणी गेल्यामुळे, गुडघ्यांना जिना झेपेनासा झाल्यामुळे. यातलं पुष्कळसं अटळ आहे आणि काही तर हवंहवंसं. बिऱ्हाड हलण्याला माझा विरोध नाही. हललेल्या माणसाच्या हातातून ठरवण्याची मुभा सर्रास निसटते, आणि ती निसटणं आपण व्यवस्थेचा भाग म्हणून मुकाट्याने मान्य करतो, याला माझा विरोध आहे. घरांचा तुटवडा मोजताना आपण छपरं मोजतो. किती सदनिका, किती चौरस मीटर, किती खाटा. छप्पर अर्थातच आधी हवं. उघड्यावर झोपणाऱ्याला खिडकीचा प्रश्न पडत नाही. पण छप्पर दिल्यावर काम संपलं असं धरलं की काय होतं, याची उदाहरणं जगभर पसरलेली आहेत.

जॉर्डनमधली झातारी छावणी घ्या. सीरियातल्या युद्धातून पळून आलेल्यांसाठी ती जुलै 2012 मध्ये उघडली. आधी तंबू, मग पत्र्याच्या तयार खोल्या, नियोजनकारांनी फूटपट्टीने आखाव्यात तशा रांगेत मांडलेल्या. लोकांनी काय केलं? खोल्यांखाली चाकं घालून त्या ओढत नेल्या. भावाची खोली बहिणीच्या समोर आणली, चार खोल्या तोंडाला तोंड करून लावल्या आणि मधे अंगण तयार केलं. रस्त्यावरच्या दिव्यांवरून वीज ओढली. मुख्य रस्त्यावर दुकानं थाटली आणि त्या रस्त्याला पॅरिसमधल्या झगमगत्या रस्त्याचं नाव थट्टेने ठेवलं. व्यवस्थापकांच्या नजरेतून हा सगळा गोंधळच: रांगा मोडल्या, नकाशा चुकला. मला मात्र त्या ओढून नेलेल्या खोल्यांमध्ये वेताची खुर्ची दिसते. सगळं काही गमावलेल्या माणसांनी हाती आलेली पहिली मुभा वापरली ती आपलं दार कुणाच्या दारासमोर असावं हे ठरवायला.

याच्या उलट, ही मुभा आधीच हिशेबात धरून बांधलेली घरंही आहेत. चिलीच्या उत्तरेला इकिके शहरात किंता मोनरॉय नावाची वस्ती होती. सुमारे शंभर कुटुंबं तीस वर्षं शहराच्या मध्यभागी दाटीवाटीने राहत होती. सरकारी अनुदान इतकं तोकडं होतं की त्यात एक तर चांगली घरं शहराबाहेर लांब स्वस्त जमिनीवर बांधता आली असती, नाहीतर जागेवरच अगदी खुराडी. वास्तुरचनाकार आलेहांद्रो आरावेना आणि त्यांच्या एलेमेंताल या गटाने 2004 मध्ये तिसरी वाट काढली. जागा तीच ठेवली आणि प्रत्येक कुटुंबाला अर्धं घर बांधून दिलं: पाया, सांगाडा, जिना, न्हाणीघर, म्हणजे जे एकट्याला करायला अवघड ते सगळं. दोन घरांमधली तेवढीच मोकळी जागा त्यांच्यावर सोडली. लोकांनी ती आपापल्या ऐपतीने आणि आपापल्या चवीने भरली. कुणी लाकूड, कुणी पत्रा, कुणी निळा रंग. आरावेना यांना 2016 मध्ये स्थापत्यातलं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं. अर्धं घर देऊन सरकारने हात झटकावेत, असा याचा अर्थ कुणी काढला तर तो लबाडीचा आहे. उरलेलं अर्धं बांधायचा खर्च गरिबालाच सोसावा लागतो, ही टीका रास्त आहे. पण 'हे तुम्ही ठरवा' एवढ्या तीन शब्दांना नकाशात जागा देता येते, हे त्या वस्तीने दाखवलं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, माणसं होती तिथेच राहिली.

कारण न विचारण्याची मुभा दाराशी संपत नाही. मराठीत 'घरोबा' हा फार सुरेख शब्द आहे. तो 'घर' या शब्दातूनच निघाला, पण वापरतात तो घराबाहेरच्या माणसांशी असलेल्या नात्यासाठी. घरोबा आहे म्हणजे त्यांच्याकडे न सांगता जाता येतं. माणसाचं घर त्याच्या चार भिंतींहून किती मोठं आहे, हे घरोब्याने ठरतं.

नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी 1960 च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन शेजारशेजारच्या रस्त्यांवर हे चक्क मोजून पाहिलं. तिन्ही रस्ते दिसायला सारखे, फरक फक्त वाहतुकीचा: एकावरून दिवसाला सुमारे 2,000 गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून 8,000, तिसऱ्यावरून 16,000. शांत रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. गजबजलेल्या रस्त्यावरच्याला एकही पुरता नव्हता, 0.9. मग त्यांनी लोकांना आपला 'घरचा इलाखा' कागदावर रेघेने दाखवायला सांगितलं. शांत रस्त्यावरच्या लोकांनी अख्खा रस्ता रेघेच्या आत घेतला. भरधाव रस्त्यावरच्यांनी आपल्या इमारतीभोवती, काहींनी तर फक्त आपल्या बिऱ्हाडाभोवती रेघ मारली. त्यांच्या घराला कुणी हात लावला नव्हता, भाडं वाढवलं नव्हतं, भिंत पाडली नव्हती. फक्त समोरून गाड्या वाढल्या आणि घर लहान झालं. त्या गाड्या वाढवताना त्यांना कुणी विचारलं होतं?

आणि जिथे पाडलंच, तिथलं काय? बॉस्टन शहराचा वेस्ट एंड हा भाग 'झोपडपट्टी' ठरवून 1958 पासून जमीनदोस्त करण्यात आला. हजारो माणसं पांगली. पुष्कळांना मिळालेली नवी घरं मोडकळीला आलेल्या जुन्या घरांपेक्षा चांगली होती. निदान नळ, भिंती आणि खिडक्या मोजल्या तर. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 1963 मध्ये लिहिलं की या लोकांना झालेल्या भावनेला दुःख म्हणून भागणार नाही, तो शोक आहे. माणूस गेल्यावर होतो तसा. जवळजवळ निम्म्या स्त्रियांमध्ये तो बऱ्यापैकी तीव्र होता. बाहेरून पाहणाऱ्याला ती गलिच्छ गल्ली होती. आतल्यांसाठी ती गल्ली म्हणजेच बैठकीची खोली होती, कारण घरोबा तिथे होता. पाडणाऱ्यांनी घरांचे पैसे मोजून दिले असतील. घरोब्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नव्हता, तो आजही नसतो.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. घरमालकाचीही ती मालमत्ता आहे. त्याने पैसे घातलेत, भिंती त्याच्या आहेत. भाडेकरूला फार संरक्षण दिलं तर लोक घरं भाड्याने द्यायचीच बंद करतील, आणि मग नव्याने शहरात येणाऱ्याने राहायचं कुठे? हे घडलेलं आहे. भाडी वर्षानुवर्षं गोठवून ठेवली की घरमालक दुरुस्ती करत नाहीत आणि इमारती कुजतात. मला ते मान्य आहे. पण भाडं गोठवणं वेगळं आणि राहण्याची खात्री देणं वेगळं. या दोन गोष्टी वादात मुद्दाम एकात एक कालवल्या जातात. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहतात, आणि तिथे घराचा भाडेकरार मुळातच बेमुदत धरला जातो. मुदत घालायची तर घरमालकाला कायद्याने नेमून दिलेल्या मोजक्या कारणांपैकी एक लेखी द्यावं लागतं: स्वतःला किंवा घरच्यांना राहायचं आहे, इमारत पाडायची किंवा मोठं बांधकाम करायचं आहे, किंवा कामावरच्या माणसाला घर द्यायचं आहे. 'मला वाटलं म्हणून' हे त्या यादीत नाही. भाडी तिथेही वाढतात, मोठ्या शहरांत घर मिळता मिळत नाही, सगळं आलबेल मुळीच नाही. तरी करार संपण्याच्या तारखेकडे बघत आयुष्य आखावं लागत नाही, आणि म्हणून भाड्याची घरं बाजारातून नाहीशीही झालेली नाहीत.

शिवाय ही काही कुणा एका देशाची लहर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीने 1991 मध्ये 'पुरेसं घर' म्हणजे काय याच्या सात कसोट्या सांगितल्या. परवडणं, राहण्यालायक असणं, कामाच्या आणि शाळेच्या जवळ असणं, या सगळ्या त्यात आहेत. पण पहिली कसोटी छपराची नाही. पहिली आहे ती ताब्याच्या कायदेशीर सुरक्षिततेची: बळजबरीने हुसकावलं जाण्यापासून, छळापासून, धमक्यांपासून संरक्षण. आणि ते मालकाला, भाडेकरूला, सहकारी घरातल्याला, अगदी अनौपचारिक वस्तीत राहणाऱ्यालाही लागू आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. क्रम उगाच नाही. उद्या इथे असू की नाही हे ठाऊक नसलेला माणूस झाड लावत नाही, शेजाऱ्याचं नाव विचारत नाही, आणि खुर्ची तर हलवतच नाही.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो आणि तो मला जास्त आवडतो. त्यांचं म्हणणं, आम्हाला कुठे रुजायचंय? दोन बॅगा, एक लॅपटॉप, दर दोन वर्षांनी नवं शहर. हेच आमचं घर. मीही पंचविशीत असंच बोलत होते आणि मनापासून बोलत होते. पण नीट पाहिलं तर त्यांचंही घर 'न विचारता'वरच उभं असतं. केव्हा यायचं, केव्हा जायचं, हे ते ठरवतात. म्हणून त्यांना हलकं वाटतं. तीच दोन बॅगांची वेळ कुणी त्यांच्यावर आणली, तेही साठाव्या वर्षी, की हलकेपणा संपतो. भटकणं आणि हुसकावलं जाणं यांत सामान सारखंच असतं.

म्हणून घरांच्या कुठल्याही योजनेला मी आता एकच प्रश्न विचारते: इथे राहणाऱ्याला किती गोष्टी विचाराव्या लागतील? वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक आलं की त्यातल्या बागेच्या फोटोपेक्षा मी हे शोधते की दिवा मालवायची वेळ कोण ठरवतं, खोलीला आतून कडी आहे का, पलंग हलवता येतो का. पुनर्वसनाची योजना आली की शेजार शेजारीच राहणार आहे की सोडतीत विस्कटणार आहे. भाड्याचा कायदा आला की बाहेर काढायला कारण द्यावं लागतं की नाही. हे प्रश्न विचारायला खर्च येत नाही. यातल्या काहींची उत्तरं द्यायलाही येत नाही; आतली कडी किती महाग असते?

आता आई त्या खुर्चीत रोज बसते. खिडकी तिची ती उघडते, कधी कधी भर पावसात उघडी टाकते आणि पडदा भिजतो, मग मी करवादते आणि ती ऐकल्या न ऐकल्यासारखं करते. मागच्या महिन्यात तिने माझं सगळं फडताळ काढून तिच्या पद्धतीने लावलं. मला अजून अर्ध्या वस्तू सापडत नाहीत आणि मी तिला विचारत फिरते. "तिथेच असेल, नीट बघ," ती खुर्चीतूनच म्हणते.

फ्रेम मात्र जमिनीवर आहे, तिच्या पलंगासमोर, भिंतीला टेकवून ठेवलेली. झाडू मारताना आई ती उचलून पलंगावर ठेवते, खालची धूळ काढते आणि परत तशीच टेकवते. कराराचे चार महिने उरले आहेत. परवा काच पुसता पुसता तिने विचारलं, "पुढच्या घरात तरी खिळा ठोकू देतील का गं?"